जाड थराचा कोळसा: वरोऱ्यापासून दीपनगरापर्यंत

खानदेशाच्या पोटात कोळशाची खाण नाही. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकावर आणि तापीने त्यावर अंथरलेल्या गाळावर वसलेले आहेत. कोळशाचे गोंडवाना थर त्याहून कितीतरी जुने. ते हाती लागतात ते पूर्वेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात. तरीही जाड थरातला कोळसा माणसाने कसकसा काढला, याचा माग काढायचा तर आपण भुसावळहूनच निघावे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे आली आणि येथून तिला दोन वाटा फुटल्या. एक १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, दुसरी खंडवा-इटारसीवरून १८७० मध्ये जबलपूरला. सुरुवातीच्या इंजिनांना मुंबई बंदरात उतरणारा विलायती कोळसा पुरवावा लागे, आणि जोडीला जंगलातले लाकूडही जळे. विलायती कोळसा महाग, लाकूड तर बघता बघता संपणारे. म्हणून देशी कोळशाचा शोध दोन्ही वाटांवर जोराने सुरू झाला.

जबलपूरच्या वाटेवर नरसिंहपूर जिल्ह्यातील मोहपानीची खाण नर्मदा कोल अँड आयर्न कंपनीने १८६२ मध्येच उघडली होती. पुढे १९०४ मध्ये ती रेल्वेनेच विकत घेतली. मोहपानीचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही, पण या कहाणीतली ती विसरलेली पूर्वज आहे. नागपूरच्या वाटेवर मात्र सरकारने स्वतः हात घातला. १८७१ मध्ये वरोऱ्याची खाण सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून तिथवर रेल्वेचा फाटा गेला. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळशाची साद्यंत पाहणी करून १८७७ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि तिची जागा बल्लारपूरने घेतली. पुढे ज्या वरोऱ्याशेजारी बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले, ते गाव त्याआधी पस्तीस वर्षे सरकारी खाणीचे गाव होते, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वर्धा खोऱ्याचा मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरांहून जाड आहे. बाहेरच्याला ही चैन वाटेल. खाणीत उतरणाऱ्याला मात्र हीच मोठी अडचण. जुनी रीत बोर्ड अँड पिलरची: थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या खोदायच्या आणि मधले कोळशाचे चौकोन छत पेलायला खांब म्हणून ठेवायचे. भारतातल्या खाण नियमांनी पुढे गॅलरीची उंची साधारण तीन मीटर आणि रुंदी ४.८ मीटरपर्यंत बांधून दिली. म्हणजे पंधरा मीटरांच्या थरातला तीन मीटरांचा पट्टा कामाचा. त्यातलाही बराच भाग खांबात अडकलेला आणि उरलेले बारा मीटर डोक्यावर किंवा पायाखाली तसेच. खांब काढायला गेले, म्हणजे डिपिलरिंग केले, तर छत खाली येते आणि वरचा कोळसा चुरा होऊन मागच्या पोकळीत, गोफात, पडतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा हवा लागली की आपोआप तापतो. तो तापलेला चुरा पेटतो, आणि आग लागली की थरासकट खाण सोडावी लागते. काही खाणींनी नदीची वाळू पाण्याबरोबर पोकळीत भरून छत सावरले. त्याला वाळू हवी, पाणी हवे, पैसा हवा. म्हणून त्या मार्गाची मर्यादाही लवकर दिसली.

दरम्यान इंग्लंडमध्ये, श्रॉपशायर परगण्यात, सतराव्या शतकातच एक निराळी पद्धत रुजली होती: खांब ठेवायचेच नाहीत, एका लांब भिंतीवरून कोळसा कापत पुढे जायचे आणि मागचे छत पडू द्यायचे. ही लाँगवॉल. पातळ थराला ती चपखल बसली. जाड थरासाठी तिचे रूप बदलण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या मध्याच्या युरोपला जाते. फ्रान्समध्ये ब्लांझी खोऱ्यात आणि त्या वेळच्या युगोस्लाव्हियातल्या वेलेन्ये येथे खाणतज्ज्ञांनी साधी पण धाडसी कल्पना वापरली. थराच्या तळाशी साधारण तीन मीटर उंचीची लाँगवॉल चालवायची आणि वरचा कोळसा कापायचाच नाही. वरच्या खडकाचे वजनच त्याला आधी भेगा पाडते, मग कामाच्या जागेवरचे छत पेलणाऱ्या आधाराच्या मागे तो कोसळतो, तिथून बाहेर ओढायचा. ज्या वजनाने वरोऱ्यापासून खाणकऱ्यांना भिववले, त्यालाच कामाला लावले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण इथे आहे. यंत्रे पुढे कितीतरी सुधारली; पण छताकडे बघण्याची नजर बदलली ती येथे.

पुढची पिढी चीनची. १९८४ मध्ये शेनयांगच्या पूहे खाणीत तिथला पहिला प्रयोग झाला. हळूहळू आधाराच्या मागच्या बाजूस खिडकी आली, तिच्याखाली दुसरा कन्व्हेयर आला, आणि पुढून कापलेला व मागून पडलेला कोळसा एकाच वेळी बाहेर निघू लागला. चीनच्या दातोंग भागातल्या ताशान खाणीत पंधरा-वीस मीटरांचे थर अशा रीतीने काढले जातात. मग ही विद्या दक्षिण गोलार्धात गेली. डिसेंबर २००३ मध्ये आगीने बंद पडलेली ऑस्ट्रेलियातली साउथलँड खाण चिनी कंपनीने घेतली, तिला ऑस्टार नाव दिले आणि २००६ मध्ये तिथे याच पद्धतीची पहिली लाँगवॉल सुरू केली. फ्रान्समध्ये जन्मलेले तंत्र चीनमध्ये मोठे होऊन इंग्रजी बोलणाऱ्या खाणमालकांना शिकवायला गेले.

भारताने फ्रेंचांकडूनच, पण दुसरे अंग घेतले. शार्बोनाज द फ्रान्स या कोळसा खणणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या मदतीने १९८० च्या दशकात झरिया आणि राणीगंज खोऱ्यात ‘ब्लास्टिंग गॅलरी’ आली: तळाच्या गॅलरीतून वरच्या कोळशात छिद्रे पाडून सुरुंगाने तो खाली आणायचा आणि दूरनियंत्रित लोडरने उचलायचा. १९८९ पासून सिंगरेनी कोळसा कंपनीच्या गोदावरीखनीत ती नांदली. हा भाग वर्धा खोऱ्याच्याच गोंडवाना पट्ट्याचा दक्षिणेकडचा हात आहे. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. एवढ्या जवळ आलेले तंत्र वर्धा खोऱ्यातल्या चंद्रपूरने मात्र व्यापकपणे उचलले नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाल्यावर विदर्भाचा कल उघड्या खाणींकडे गेला. उमरेड, दुर्गापूर, सास्ती, घुग्घूस येथे जमीन वरून उघडली की जाड थर सारा मोकळा होतो, छत राहतच नाही. किंमत मात्र शेतांनी आणि वस्त्यांनी दिली. जुन्या भूमिगत खाणींनीही आपली किंमत मागितलीच: ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक घर अख्खे जमिनीत गेले.

विदर्भाच्या या कोळशातला काही भाग शेवटी भुसावळला येतो. पूर्वी तो इंजिनांच्या भट्टीसाठी येई, आता दीपनगरच्या वीजकेंद्रासाठी येतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीला इथे पहिला छोटा संच चालू झाला, मग २१० मेगावॉटचे दोन, नंतर ५०० चे दोन, आणि अलीकडे ६६० चा एक. खानदेशाचे पंप, दिवे आणि कारखाने या कोळशाशी बांधलेले आहेत. उघडी खाण मात्र खोलीनुसार महाग होत जाते. वरचा माती-खडकाचा थर वाढला की कोळशाहून तोच जास्त उचलावा लागतो. खोलवरचे जाड थर भूमिगत रीतीनेच निघतील, आणि तेव्हा वरून कोसळवण्याची ही पद्धत चंद्रपूरला विचारात घ्यावी लागेल. अडचण खरी आहे: वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर पाणी धरून ठेवणारा कामठी वालुकाश्म असतो, आणि छत कोसळले तर भेगा तिथवर गेल्यास खाणीत पाणी शिरेल. पाणी आधी उपसून, भेगांची उंची मोजून आणि पेट घेणाऱ्या चुऱ्याला नायट्रोजनने दाबून काम करायचे, एवढी तयारी इथल्या खाणीला लागेल. थर मात्र तिथेच आहे, ह्यूज यांच्या नकाशांपासून तो हलला नाही.