मद्यासक्तीवरील औषधे : संशोधन आणि उपचार

चंदीगढ इथल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या, अर्थात पीजीआयच्या, मनोविकार विभागांतर्गत १९८८ पासून व्यसनमुक्ती आणि उपचार केंद्र कार्यरत आहे. या केंद्रातील रुग्णांमध्ये ॲकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन या औषधांचा वापर कसा झाला, याविषयीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मद्यासक्तीवर प्रामुख्याने तीन औषधे दिली जातात. डायसल्फिरामचा मद्यविरोधी गुणधर्म १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांच्या लक्षात आला. हे औषध घेणाऱ्याने मद्यप्राशन केल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचते आणि चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होतो. नाल्ट्रेक्सोनमुळे मद्यापासून मिळणारी सुखाची जाणीव क्षीण होते. मद्यपान थांबवल्यानंतर मेंदूतील रासायनिक संतुलन पूर्ववत होण्यास ॲकॅम्प्रोसेट साहाय्य करते. यकृताच्या विकारात पहिल्या दोन औषधांबाबत, तर मूत्रपिंडाच्या विकारात ॲकॅम्प्रोसेटबाबत दक्षता घ्यावी लागते.

मुंबईत १०० पुरुष रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के, तर नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्ण मद्यापासून दूर राहिले. मद्याची ओढ मात्र नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांमध्ये कमी आढळली. या रुग्णांना कुटुंबीयांचा आधार होता. त्यामुळे एकाकी रुग्णांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

कुटुंबीयांनी औषध आपल्या देखरेखीखाली देणे उपयुक्त ठरते. परंतु ते रुग्णाच्या नकळत अन्नात मिसळणे धोक्याचे आहे. डायसल्फिराम पोटात असल्याची कल्पना नसलेल्या व्यक्तीने मद्यपान केल्यास रक्तदाब एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून रुग्णाची संमती आणि वैद्यकीय तपासणी अनिवार्य मानली जाते. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते अचानक बंद केल्यास झटके येणे किंवा भ्रम होणे संभवते. त्यामुळे मद्यपान डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ॲकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन यांचा मद्यासक्तीवरील उपचारांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतात मात्र उपचार घेणाऱ्यांची संख्या अत्यल्प आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मधील सर्वेक्षण अहवालानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख व्यक्ती मद्यावर अवलंबून होत्या आणि अशा दर ३८ जणांपैकी केवळ एकानेच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळाल्याचे सांगितले. औषधांना समुपदेशनाची आणि नियमित पाठपुराव्याची जोड आवश्यक असल्याचे तज्ज्ञांचे मत आहे.