पावसात ब्रेक दगा का देतात?

मृग नक्षत्र लागले की कोकणातील वाहनांचे दुखणे बदलते. उन्हाळ्यात इंजिन तापण्याची तक्रार असते, तर पावसाळ्यात ‘ब्रेक बरोबर लागत नाहीत’ हे गाऱ्हाणे सुरू होते. या एका वाक्यात चार-पाच निरनिराळे दोष दडलेले असतात. त्यांतील काही आपोआप जाणारे, तर काही जिवावर बेतणारे असतात. कसाल-मालवण रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक न लागणे आणि आंबोलीचा घाट उतरताना पेडल पायाखालून निघून जाणे, ही दोन्ही लक्षणे सारखी वाटली तरी त्यांची कारणे आणि उपाय अगदी वेगळे आहेत. गणेशचतुर्थीला शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, कुटुंबासह भर पावसात घाट उतरणाऱ्या चाकरमान्याला हा फरक ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. पेडल नेहमीच्या उंचीवर आहे का आणि घट्ट लागते का, हे पाहावे. पेडल घट्ट आहे, पण गाडीचा वेग कमी होत नाही, असे असेल तर बहुधा लायनर किंवा पॅड ओले झाले आहेत. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल किंवा खोल जात असेल, तर दोष ब्रेक ऑइलच्या मार्गात आहे. पाण्याने आलेला दोष चार-पाच वेळा ब्रेक हलकेच दाबल्यावर नाहीसा होतो. जो होत नाही, त्याचे खापर पावसावर फोडून चालणार नाही.

ओले ड्रम, ओल्या डिस्क

ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले शू फिरत्या ड्रमला आतून घासतात. ड्रम पुष्कळसा बंदिस्त असल्याने शिंतोड्यांपासून बचाव होतो. मात्र साकवावरून वाहणाऱ्या पाण्यात चाक अर्धे बुडाले की आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. शिवाय फिरणाऱ्या ड्रमबरोबर पुढचा शू स्वतःच आवळत जातो, हा या रचनेचा मोठा गुण घर्षणावरच अवलंबून असतो. घर्षण घटले की हा गुणही घटतो आणि ब्रेकची शक्ती अपेक्षेपेक्षा फारच खाली येते. उलट, एका बाजूचा ड्रम लवकर सुकला तर तो एकदम धरतो आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते.

डिस्क उघडी असते. तिच्यावरचे पाणी फिरण्यामुळे फेकले जाते आणि उरलेले पॅड पुसून काढतात. त्यामुळे ती लवकर सावरते, पण पाण्याचा थर पुसला जाण्यात जो क्षण जातो तो महागात पडू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. १९७०च्या दशकातील अनेक मोटारसायकलींच्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्क गंजत नसत, पण पावसात ब्रेक उशिरा लागण्याबद्दल त्या बदनाम होत्या. पुढे धातूच्या भुकटीपासून बनवलेले पॅड आणि भोके पाडलेल्या डिस्क आल्या, तेव्हा हा दोष बराच आटोक्यात आला. तरीही महामार्गावर संततधारेत दहा-पंधरा मिनिटे ब्रेकला पाय लागला नसेल, तर मागे वाहन नाही हे पाहून मधूनमधून तो हलकेच दाबावा.

पाण्यातून बाहेर आल्यावर खालच्या गियरमध्ये सावकाश जात, थोडे अंतर ब्रेक हलके दाबून ठेवावा. घर्षणाच्या उष्णतेने ओल उडून जाते. मग रिकाम्या रस्त्यावर एकदा थांबून पाहावे आणि त्यानंतरच वेग घ्यावा. अर्थात, रस्ता दिसत नसेल इतके पाणी साकवावरून वाहत असताना गाडी घालणे हा ब्रेकचा प्रश्नच नव्हे. तेथे परतावे हेच उत्तम.

येथील पाणी नुसते पाणीही नसते. चिऱ्याच्या जमिनीवरून वाहून येणारी तांबडी माती ड्रममध्ये जाऊन बसते, सुकल्यावर करकर आवाज करते आणि लायनर खाते. पावसाळ्यात एकदा तरी ड्रम उघडून ही माती काढून घ्यावी. त्याच वेळी चाकाच्या आतील बाजूस ओलसरपणा दिसतो का, हेही पाहावे. ती ओल बोटाला बुळबुळीत लागली तर ते पाणी नसून व्हील सिलिंडरमधून झिरपणारे ब्रेक ऑइल आहे. तेलाने भिजलेले लायनर घासून वा तापवून पुन्हा बसवण्याचा काटकसरी उपाय काही ठिकाणी केला जातो. तो करू देऊ नये; असे लायनर बदलावेच लागतात.

घाटातील खरा धोका

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. बाराशे किलो वजनाची मोटार ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे २० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्याइतकी असते. गाडी खालच्या गियरमध्ये असेल तर यातील मोठा वाटा इंजिन झेलते. न्यूट्रलमध्ये उतरवली, तर जवळजवळ सारा भार चार ब्रेकांवर पडतो. इंधन वाचवण्यासाठी गाडी अशी सोडून देण्याची सवय घाटात सर्वांत घातक आहे. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ब्रेक आतून तापायचे ते तापतातच.

आता यात दमटपणाची भर घाला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुने, पाणी मुरलेले ऑइल तापलेल्या कॅलिपरमध्ये उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही. फसवी गोष्ट अशी की घाट उतरून दानोलीला चहा घेईपर्यंत वाफ निवते, पेडल पूर्ववत होते आणि मेकॅनिकलाही काही सापडत नाही. चालकाला वाटते, ब्रेक ओले झाले असतील. घाटात एकदा जरी पेडल खोल गेले असेल, तर ऑइल बदलून ब्रेकमधील हवा काढून घेतल्याशिवाय पुन्हा घाट चढू-उतरू नये. एरवीही दर दोन वर्षांनी ते बदलावे. किनाऱ्यावरील दमट हवेत तर याबाबत चालढकल नको. उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतील ऑइलही वापरू नये.

प्रत्यक्ष घाटातच पेडल गेले तर ते भराभर वरखाली मारावे, एकेक गियर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरतात.

मऊ पेडलचे दुसरे कारण मास्टर सिलिंडरमधील झिजलेले रबर. उभ्या गाडीत पेडल दाबून धरले असता ते सावकाश खाली सरकत गेले, तर हा दोष समजावा.

खारा वारा आणि उभी गाडी

मालवण, देवबाग, वेंगुर्ले येथे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात, मग थर निघून जातो. त्यात चिंतेचे काही नाही. पण गणपतीच्या दिवसांत हँडब्रेक ओढून खळ्यात आठ-दहा दिवस भिजलेल्या गाडीचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवावी, चाकाला दगडाची अटकळ लावावी आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. चिकटलेच तर गाडी हलकेच मागेपुढे करून पाहावे. जोर करून ओढत नेऊ नये.

मिठाने कॅलिपरच्या पिना व धातूच्या ब्रेक नळ्या गंजतात. पिन अडकली की पॅड मागे सरत नाही, एक चाक इतरांपेक्षा जास्त तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. मासळीची वाहतूक करणाऱ्या टेंपोंना हा त्रास विशेष, कारण वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी त्यांच्या मागच्या चाकांवर सतत ठिबकते. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे हा स्वस्त उपाय आहे. ड्रम ब्रेकच्या दुचाकींमध्ये शू फाकवणारा कॅम गंजून अडकतो. तो काढून, साफ करून किंचित ग्रीस लावावे, पण ग्रीस लायनरला लागू देऊ नये.

एअर ब्रेकच्या बस व ट्रकमध्ये दमट हवेतील पाणी टाकीत साचते आणि झडपांपर्यंत पोहोचते. एअर ड्रायर असला तरी टाकीचा नळ नियमितपणे सोडून पाणी काढावे.

आणि काही तक्रारी मुळात ब्रेकच्या नसतातच. चाके थांबतात, पण गाडी घसरत जाते, तेव्हा टायर तपासावेत. नियमानुसार खाचांची खोली मोटारीला किमान १.६ आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर हवी; आपल्याकडील पावसाला एवढ्याने भागत नाही. एबीएस असलेल्या गाडीत अशा वेळी पेडल पायाखाली थरथरते. तो बिघाड नव्हे. पाय न काढता दाबून ठेवावा. एबीएसचा दिवा चिखलातून गेल्यावर पेटून राहिला, तर चाकाजवळचा सेन्सर माखलेला असू शकतो. साधे ब्रेक तेव्हाही चालू असतात, मात्र सेन्सर साफ होईपर्यंत जोरात ब्रेक मारल्यास चाके जाम होऊ शकतात.