मुंबई हुंड्यात मिळवून देणारा तह गोव्याच्या वेळी पोर्तुगालच्या कामी का आला नाही?

डिसेंबर १९६१. गोव्याच्या सीमेवर भारतीय सैन्य जमलं होतं आणि लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार मदतीसाठी लंडनकडे बघत होते. त्यांच्या हातात होते काही जुने तह. त्यातल्या एकात इंग्लंडच्या राजानं पोर्तुगालच्या वसाहतींचं रक्षण करायचं वचन दिलं होतं. सही होती १६६१ सालची, म्हणजे बरोबर ३०० वर्षांपूर्वीची.

ब्रिटननं तह नाकारला नाही. पण मदतीला सैन्यही पाठवलं नाही. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं शरणागती पत्करली आणि गोव्यातली ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली.

आजही लागू असलेल्या जगातल्या सर्वात जुन्या मैत्रीकरारांत इंग्लंड-पोर्तुगालचं नाव पहिलं घेतलं जातं. मग ऐन वेळी हा मित्र का आला नाही? आणि या सगळ्यात मुंबईचा काय संबंध?

मैत्री सुरू कशी झाली?

चौदाव्या शतकात पोर्तुगालचा प्रश्न साधा होता. देश लहान आणि शेजारी मोठा. आजच्या स्पेनमधलं कॅस्टिल हे राज्य पोर्तुगालला गिळायला टपलेलं होतं. तिकडे इंग्लंडचं फ्रान्सशी शंभर वर्षांचं युद्ध चालू होतं आणि कॅस्टिल फ्रान्सच्या बाजूनं होतं. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशोबानं दोघं एकत्र आले. १६ जून १३७३ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये पहिला तह झाला.

१३८५ मध्ये अल्जुबारोटाच्या लढाईत पोर्तुगालनं कॅस्टिलचा पराभव केला. पोर्तुगालच्या बाजूनं इंग्लिश तिरंदाजही लढले होते. पुढच्याच वर्षी, ९ मे १३८६ रोजी, विंडसरचा तह झाला. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं मदतीला यायचं आणि ही मैत्री पुढच्या पिढ्यांवरही बंधनकारक राहील, असं त्यात ठरलं.

नातं पक्कं करायला सोयरीकही झाली. इंग्लंडच्या राजघराण्यातली फिलिपा १३८७ मध्ये पोर्तुगालचा राजा जोआओ याची राणी झाली. त्यांचाच मुलगा हेन्री. पोर्तुगीज जहाजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यानं पुढे पुढे धाडणारा राजपुत्र म्हणून तो ओळखला जातो. याच वाटेनं पुढे जात वास्को द गामा १४९८ मध्ये भारतात पोहोचला.

मुंबई हुंड्यात का दिली गेली?

१५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि मैत्री थंडावली. इतकी, की १५८८ मध्ये इंग्लंडवर चाल करून जाणारं स्पॅनिश आरमार निघालं ते लिस्बनच्याच बंदरातून.

१६४० मध्ये पोर्तुगाल पुन्हा स्वतंत्र झाला, पण एकटा पडला. एकीकडे स्पेनशी युद्ध, दुसरीकडे आशियातली ठाणी एकामागून एक घेत सुटलेले डच. पोर्तुगालला मोठा मित्र हवा होता आणि त्यासाठी मोठी किंमत मोजायची तयारीही होती.

२३ जून १६६१ च्या विवाह-तहानं ब्रगांझा घराण्याची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा याच्याशी ठरलं. हुंड्यात वीस लाख क्रुझादो ही रक्कम, आफ्रिकेतलं टॅंजियर, आपली मुंबई आणि ब्राझील व पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांत व्यापाराच्या सवलती. बदल्यात इंग्लंडनं पोर्तुगालला सैनिक आणि जहाजं द्यायची होती. शिवाय एक गुप्त कलम होतं: पोर्तुगालच्या सगळ्या वसाहतींचं, आजच्या आणि उद्याच्याही शत्रूंपासून, इंग्लंड रक्षण करेल.

कागदावर सही झाली, पण मुंबईचा ताबा मिळायला साडेतीन वर्षं गेली. १६६२ मध्ये इंग्लिश जहाजं मुंबईला पोहोचली तेव्हा कागदपत्रांत त्रुटी असल्याचं सांगून गोव्याच्या व्हाइसरॉयनं ताबा द्यायचं टाळलं. त्यात ‘मुंबई’ म्हणजे नेमकं काय, हाही वाद होता. इंग्रजांना साष्टी आणि ठाण्यापर्यंतचा मुलूख हवा होता, तर पोर्तुगीज म्हणत होते की फक्त मुंबई बेट. राहायला जागा नसलेले इंग्लिश सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. तिथे त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन आणि बहुतेक सैनिक रोगराईनं दगावले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई हस्तांतरित झाली. इंग्रज मुंबईत स्थिरावले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातचा जाईल, अशा आशयाचं पत्र व्हाइसरॉयनं आपल्या राजाला लिहिलं होतं. १६६८ मध्ये चार्ल्सनं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाड्यानं.

मदत मिळाली का?

कधी मिळाली, कधी नाही. युरोपात इंग्लिश तुकड्या पोर्तुगालसाठी स्पेनशी लढल्या आणि १६६८ मध्ये स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा शेजारच्या मुंबईतले इंग्रज फौज घेऊन पोर्तुगीजांसाठी मैदानात उतरले नाहीत. वसई पडली. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांशी स्वतःचा तह करून टाकला.

१८०७ मध्ये चित्र उलटं होतं. नेपोलियनला युरोपातली सगळी बंदरं ब्रिटिश मालासाठी बंद हवी होती. लिस्बन गेलं तर ब्रिटनचंही नुकसान होतं. फ्रेंच फौज शहरात शिरायच्या आदल्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, पोर्तुगालचा राजपरिवार ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलला निघाला. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैन्य पोर्तुगालमध्ये उतरलं. त्याचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा हाच वेलस्ली. फ्रेंच हटले, पण किंमत मोजावी लागलीच. ब्राझीलची बाजारपेठ ब्रिटिश मालाला सवलतीच्या जकातीत खुली झाली.

मित्रानंच धमकी दिली तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगालला अंगोला आणि मोझांबिक जोडणारा आफ्रिकेतला सलग पट्टा हवा होता. नकाशात हा भाग गुलाबी रंगवलेला असल्यानं तो ‘गुलाबी नकाशा’ म्हणून प्रसिद्ध झाला. नेमका तोच भाग ब्रिटनलाही हवा होता. ११ जानेवारी १८९० रोजी ब्रिटननं थेट निर्वाणीचा इशारा दिला: सैन्य मागे घ्या. पोर्तुगालनं माघार घेतली आणि देशभर संताप उसळला. पोर्तुगालचं आजचं राष्ट्रगीत या अपमानाच्या रागातून जन्मलं.

१८९८ मध्ये तर ब्रिटननं जर्मनीशी गुप्त करार केला. पोर्तुगाल कर्जात बुडालाच तर त्याच्या वसाहती कशा वाटून घ्यायच्या, हे त्यात ठरलं होतं. पण पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं, ब्रिटनला पोर्तुगालची गरज भासली आणि जुने तह अजून लागू असल्याची ग्वाही देण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. पण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवायला ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ हवा होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये तो मिळाला. संसदेत ही बातमी देताना चर्चिल यांनी १३७३ च्या तहाचा हवाला दिला.

मग गोव्याच्या वेळी काय झालं?

१९६१ पर्यंत ब्रिटनचा हिशोब बदलला होता. भारत स्वतंत्र होता आणि राष्ट्रकुलाचा मोठा सदस्य होता. ब्रिटन स्वतःच वसाहती सोडत चालला होता. राष्ट्रकुलातल्या देशाशी लढाई झाली तर आमच्या मदतीला मर्यादा असतील, हे ब्रिटननं पोर्तुगालला आधीच कळवलं होतं. सुरक्षा परिषदेत ब्रिटननं पोर्तुगालच्या बाजूनं मत दिलं, पण तो ठराव सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकारामुळे बारगळला. नाटोही पोर्तुगालच्या कामी येणार नव्हती, कारण तिचं संरक्षण युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरतं होतं. गोवा त्या नकाशात बसतच नव्हता.

म्हणजे तह रद्द झाला नव्हता. पण त्यात लिहिलेली मदत ही मोठ्या देशाला परवडेल तेव्हाच आणि तेवढीच मिळत आली होती. वसईनं ते १७३९ मध्ये दाखवलं होतं, ‘गुलाबी नकाशा’नं १८९० मध्ये.

तरीही पोर्तुगालनं ही मैत्री कधी मोडली नाही. दोन्ही देश आजही नाटोत एकत्र आहेत आणि २०२३ मध्ये त्यांनी मैत्रीची ६५० वर्षं साजरी केली. शेजारी बलाढ्य असलेल्या लहान देशाला अर्धवट भरवशाचा मित्रही मित्र नसण्यापेक्षा बरा वाटला, हा पोर्तुगालचा हिशोब होता. त्या हिशोबात एकदा मुंबई दिली गेली. पुढे गोवा गेला, तेव्हा तोच मित्र मत देऊन थांबला.