खानदेशांतील जागल्या आणि मोटारीचा विमा

मोटारींच्या अपघातांची नुकसानभरपाई हा विषय दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस परका वाटेल. परंतु ज्या तत्त्वावर ती आज कांहीं अंशीं दिली जाते, तें तत्त्व आमच्या गांवगाड्यास अगदींच अपरिचित नव्हतें, असें आमचें मत आहे.

पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या पहारेकऱ्याचें काम वर्णिलें आहे. चोरी झाली कीं त्यानें माग काढावयाचा. माग शिवेबाहेर गेला तर पुढील गांवच्या पहारेकऱ्याच्या हवालीं करावयाचा. माग जेथें खुंटेल तेथील पहारेकऱ्यानें चोर तरी द्यावा, नाहीं तर मालाची किंमत भरावी; त्याची ऐपत संपल्यावर उरलेला बोजा गांवानें उचलावा. खानदेशांत हें जागल्याचें काम पुष्कळ ठिकाणीं भिल्लांकडे असे, व गरीब भिल्लावर हा भार जड पडत असला पाहिजे. येथें ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, भरणाऱ्याचा दोष काय, हा प्रश्न मुळींच येत नाहीं. विम्याची कल्पनाहि पेढीवाल्यांस ठाऊक होती. जोखमी हुंडीची रक्कम माल सुखरूप पोंचला तरच देणें लागे.

इंग्रजी कायद्याची रीत निराळी. तींत आधीं चूक, मग भरपाई. १९३९ च्या मोटार कायद्यानें तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला, व तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. पण चालकाचा हलगर्जीपणा शाबीत झाल्याखेरीज पैसे नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं हेंच बजावलें. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. दुसरा पुढें जळगांवास जातो. अशा रस्त्यावर रात्रीं मयत झालेल्या पादचाऱ्याच्या विधवेनें साक्षीदार आणावा कोठून?

या अडचणीवर १९८२ च्या दुरुस्तीनें तोड काढली. मृत्यूस १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वास ७,५०० रुपये, चूक कोणाची हें न विचारतां. मयताची स्वतःची चूक असली तरीहि. हेंच दोषनिरपेक्ष दायित्व. १९८८ च्या कायद्यानें हे आकडे २५,००० व १२,००० झाले, आणि १९९४ त दुप्पट किंवा त्याहून किंचित् अधिक. २९ ऑक्टोबर १९८७ रोजीं महाराष्ट्रांतच चार क्रमांकाच्या राष्ट्रीय हमरस्त्यालगत उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा कांहीं तासांनीं स्फोट होऊन जमलेलीं माणसें भाजलीं, कांहीं दगावलीं. गाडी तर निपचित पडलेली. तरीहि तो तिच्या वापरांतूनच घडलेला अपघात होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ त ठरवून ही भरपाई कायम केली.

ठोकर देऊन गाडी पळाली, तर तो माग खुंटण्याचाच प्रकार. अशांसाठींहि १९८२ पासून निराळी तरतूद आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळतात. गांवाच्या जागीं आतां निधि आला, इतकेंच.

एका फरकाकडे मात्र वाचकांनीं अवश्य लक्ष द्यावें. १९८२ ची रक्कम ही पहिली मदत होती. ती घेऊनहि चूक शाबीत करून मोठी भरपाई मागतां येई. मिळालेली रक्कम तींतून वजा होई, इतकेंच. २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, तींत मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख ठरले. आकडा मोठा दिसतो. परंतु विमा कंपनीशीं तडजोड करून ती रक्कम स्वीकारली कीं न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टांत येतो. कमावता तरुण गेला असेल त्या घरास पुराव्यानिशीं याहून पुष्कळ अधिक मिळूं शकतें. चूक मयताचीच असेल, तर मात्र ठराविक रक्कमच पदरांत पडावयाची. सही करण्यापूर्वीं हा हिशेब जाणत्याकडून करून घ्यावा. जागल्याच्या रिवाजांत निदान मालाची पुरी किंमत धरीत. आमच्या कायद्यांत माणसाची किंमत आधींच छापलेली असते, आणि १९९४ चें कोष्टक २०१८ पर्यंत तसेंच राहिलें होतें.

ज्यांच्या संग्रहीं १९४६ ते १९८२ या काळांतील धुळें–जळगांवकडील मोटारींचीं विमापत्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. तिऱ्हाइताची जोखीम त्या वेळीं कोणत्या शब्दांत लिहीत, हें त्यांवरूनच कळणार आहे.