शिपाई हुकमावर, कारभारीण कागदावर

आपल्या बेळगाव परिसरात पलटणीशी नाते नसलेले मराठी घर शोधावेच लागेल. कुणाचा आजा, कुणाचा दीर, कुणाचा जावई मराठा लाइट इन्फंट्रीत होता किंवा आहे. या पलटणींच्या लढायांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. त्यांच्या पाठीमागे राहिलेल्या बायकांना प्रवासासाठी कोणकोणते कागद जमवावे लागले, हा विषय मात्र मागेच राहिला. तो येथे थोडक्यात मांडावा असे आम्हांला वाटले.

या इतिहासाचे सूत्र सोपे आहे. शिपाई हुकमावर चालतो. हुकूम असला की सीमाही आड येत नाही. त्याच्या बायकोला मात्र आपण कोण आणि कोणाची, हे प्रत्येक खिडकीपाशी कागदाने सिद्ध करावे लागते. आणि ज्याची सही हवी असते, तो नेमका त्याच वेळी मोहिमेवर असतो.

मराठेशाहीत प्रवासाच्या परवान्याला दस्तक म्हणत. कोण निघाले, कोठून कोठे जाणार, बरोबर माणसे व जनावरे किती, हे त्यात लिहून वाटेवरच्या चौक्यांना ‘मुजाहीम न होणे’ अशी ताकीद दिलेली असे. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हा पत्नी पार्वतीबाई त्यांच्याबरोबर होत्या. इतर कुटुंबे आणि तीर्थयात्रेला निघालेली माणसेही लष्कराच्या आधाराने चालली होती. फौज हेच त्यांचे दस्तक. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर फौज मोडली आणि ते दस्तकही संपले. पार्वतीबाई परत आल्या. कित्येकजणी आल्याच नाहीत. फौजेच्या भरवशावर केलेला प्रवास फौजेइतकाच टिकतो, हा त्या मोहिमेचा एक धडा आहे.

इंग्रजी अमलात वहिवाट बदलली. शिपाई समुद्रापार गेला आणि घर गावीच राहिले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. त्या शिपायांपैकी कोणाजवळही पासपोर्ट असण्याचे कारण नव्हते. घरच्या बाईने तिकडे जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिच्याकडे प्रवास करून आले ते कागदच: पत्र, मनीऑर्डर, आणि नशिबी असेल तर पेन्शनचा हुकूम.

गंमत अशी की पासपोर्टची सक्ती हे त्याच महायुद्धाचे अपत्य आहे. त्यापूर्वी हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्याला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. युद्धकाळात १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सक्ती आली, आणि युद्ध संपल्यावर १९२० मध्ये पासपोर्टचा स्वतंत्र कायदा झाला. लढाई थांबली, तिने आणलेला कागद राहिला.

दुसऱ्या महायुद्धातही तसेच घडले. माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस पत्नीच्या हाती आला. नवरा पडला ती भूमी पाहण्याचा परवाना मागायचा असतो, हे तरी त्या काळी कोणत्या शिपायाच्या घरी ठाऊक असणार?

आपल्या सीमाभागाने हा फरक अगदी दाराशी पाहिला. गोवा पोर्तुगीजांकडे असताना कॅसलरॉकपुढे परका मुलुख लागे. पन्नाशीच्या दशकात परवाने आणि नाकेबंदी आली, तेव्हा माहेर गोव्यात आणि सासर बेळगावात असलेल्या बायकांची किती ओढाताण झाली, हे आपल्या आज्यांकडून आपण ऐकले आहे. डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावात जमलेले लष्कर हुकूम मिळताच तीच सीमा ओलांडून गेले आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

पुढे एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सोहनी खटल्यात सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आजचा पासपोर्ट कायदा झाला. तोवर सरकारच्या मर्जीवर असलेली गोष्ट नियमांत आली. शिपायाच्या बायकोलाही हा हक्क मिळाला. पण तो बजावायचा तर पुन्हा कागदच लागतात.

सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या आम्हांला एक गोष्ट नेहमी दिसते. कागद खोटा नसतो, तो नुसता जुळत नाही. लग्नानंतर आपल्याकडे बाईचे आडनाव बदलते, कधी नावही बदलते. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, पलटणीची नोंद इंग्रजीत. तिन्हीकडे एकाच बाईची तीन स्पेलिंगे. गावाचेही तसेच. एकाच घराला १९५६ पर्यंत मुंबई राज्य, मग म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. आणि २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी. घर हलले नाही, पत्ता मात्र तीन वेळा बदलला.

डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती उठली, हे बरे झाले. तरी पलटणीच्या दप्तरी लग्नाची आणि मुलांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने झाली आहे ना, हे पाहावेच लागते, पुढची पेन्शनही त्याच नोंदीवर मिळते. लहान मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांच्या संमतीची सही लागते. एकाची मिळणे शक्य नसेल, तर दुसऱ्याने कारण सांगून वेगळे घोषणापत्र द्यायचे असते. बाप बर्फाळ ठाण्यावर असेल, तर या एका सहीसाठी घर महिनोन्‌महिने खोळंबते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो. गणपतीच्या रजेवर घरचा जवान आला की मोदकाच्या ताटाबरोबर कागदांची फाईलही पुढे ठेवावी. नावे, जन्मतारखा, स्पेलिंगे ताडून पाहावीत. लागतील त्या सह्या त्याच्या देखत करून घ्याव्यात. विसर्जनानंतर त्याची गाडी सुटेल आणि तो हुकमाप्रमाणे जाईल. मागे राहिलेल्या बाईला निदान स्वतःचे नाव सिद्ध करण्यासाठी त्याची वाट पाहावी लागू नये.