एकच जंतू, दोन भाऊ

परवा कुष्ठरोग शोध मोहिमेच्या ताई भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या होत्या. "अंगावर फिकट चट्टा? तिथे स्पर्श कळतो का?" आई "नाही" म्हणाली आणि दार लावून गप्प बसली. मग सांगितलं. तिच्या दोन काकांना हा रोग होता. थोरल्यांच्या पाठीवर एकच बधिर चट्टा, धाकट्यांचा मात्र चेहरा, कान, सगळंच सुजलेलं. घरात म्हणत, धाकट्याचं पाप मोठं. (नातेवाईक मंडळी, रागावू नका.)

पाप कुठलं! जंतू एकच, हान्सेनने 1873 मध्ये शोधलेला. फरक आपल्या पेशींच्या निवडीत. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन रक्तात आलेली मदतनीस टी पेशी सुरुवातीला कोरी असते. जंतूची ओळख पटते तेव्हा आजूबाजूला कोणते रासायनिक निरोप आहेत, त्यावर ती कुठला मार्ग धरणार ते ठरतं. मॉसमन आणि कॉफमन यांनी 1986 मध्ये उंदरांच्या पेशींत असे दोन मार्ग दाखवले. पहिल्या वाटेच्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याने भक्षक पेशी चेवतात आणि पोटातले जंतू मारतात. दुसऱ्या वाटेच्या पेशी प्रतिपिंडं वाढवतात. पण कुष्ठाचा जंतू भक्षक पेशीच्या आत दडलेला, तिथे प्रतिपिंडं पोचतच नाहीत! पेशीत टी-बेट आणि गाटा-3 ही दोन प्रथिनं एकमेकांना दाबतात, म्हणून एकदा धरलेली वाट सहसा पक्की होत जाते. (सहसाच. पुढे आणखी वाटाही सापडल्या.)

1991 मध्ये मॉडलिन यांच्या गटाने रुग्णांच्या चट्ट्यांतच हे पाहिलं. मोजके चट्टे असलेल्यांत पहिल्या वाटेचे निरोप, सर्वांगी रोग असलेल्यांत दुसऱ्या. आमचे दोन काकाच जणू.

आणि हो, आपल्या परळचंही यात काही आहे. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णांच्या गाठींतून एक जिवाणू वाढवला. तो खरा कुष्ठजंतू नव्हता, पण पुढे त्यापासून लस झाली. पेशींची झोपलेली प्रतिकारशक्ती जागी करायची, हा हेतू. टी पेशींच्या दोन वाटा तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हत्या.

जंतू मारणारी बहुविध औषधं 1981 नंतर आली. काकांना उशीर झाला.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं ताट वेगळं असायचं. फोटोसुद्धा काढला नाही कुणी." धाकट्या काकांचा एखादा फोटो कुणाकडे असेलच, तर कळवा.