स्फोटासाठी खणलेली विहीर

१९४५ साल संपता संपता कोडॅक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके दिसू लागले. फिल्म कोरी होती, पाकीटही फुटलेलं नव्हतं. कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब ठिपक्यांचा माग काढत फिल्मभोवतीच्या पुठ्ठ्यापर्यंत आणि तिथून इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स गावच्या पुठ्ठा गिरणीपर्यंत पोचले. ही गिरणी वाबाश नदीचं पाणी वापरायची. पुठ्ठ्यात सापडलं सेरियम-१४१. हे किरणोत्सारी द्रव्य महिन्याभरात निम्मं होतं, त्यामुळे ते जुनं असणं शक्यच नव्हतं; ते नुकत्याच कुठेतरी फुटलेल्या अणूंचं होतं. १६ जुलैच्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, तीस मीटर उंच पोलादी मनोऱ्यावर, जगातला पहिला अणुबॉम्ब उडवला गेला होता. त्याची धूळ हजार मैलांवरच्या नदीत उतरली होती, आणि ते सर्वांत आधी कळलं फोटोची फिल्म विकणाऱ्यांना.

अणुचाचणी पुढे जमिनीखाली का गेली, याचं मूळ या पुठ्ठ्यात आहे. पण तो धडा घ्यायला बारा वर्षं लागली. तोवर बॉम्ब उघड्यावरच उडत राहिले: मनोऱ्यांवर, विमानांतून, फुग्यांना टांगून, समुद्राच्या पोटात. १९४६ साली बिकिनी बेटावरच्या १६७ रहिवाशांना हलवून तिथल्या खाजणात स्फोट झाले. १९५१ पासून नेव्हाडाच्या वाळवंटात ते सुरू झाले, लास व्हेगासपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. पहाटेचा लखलखाट पाहायला तिथल्या हॉटेलांत पर्यटक उतरत.

उघड्यावरच्या स्फोटाची आणखी एक अडचण लष्कराला होती. तो सगळ्यांना दिसतो. पहिल्या चाचणीची छायाचित्रं नियतकालिकांत छापून आली, त्यांतल्या आगीच्या गोळ्याचा वाढता आकार आणि वेळ एवढ्यावरून ब्रिटिश गणिती जी. आय. टेलर यांनी बॉम्बची ताकद काढून दाखवली. ती गुप्त माहिती होती. सोव्हिएत संघाने २९ ऑगस्ट १९४९ ला आपला पहिला बॉम्ब गुपचूप उडवला, तर काही दिवसांतच अमेरिकेच्या हवामान-विमानाच्या गाळणीच्या कागदावर त्याची धूळ येऊन बसली. हवा चुगलखोर होती.

१ मार्च १९५४ ला बिकिनीवर ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडाला. अपेक्षा होती साधारण सहा मेगाटनांची, निघाले पंधरा. इंधनातलं लिथियम-७ निष्क्रिय राहील असं गृहीत धरलं होतं, तसं ते राहिलं नाही. पूर्वेकडे मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पोवळ्याची पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले आणि बोटीचे वायरलेस ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरात वारले. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तूर्त तरी थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. जगातल्या सरकारप्रमुखांपैकी तो पहिलाच. दोन वर्षांनी दौलतसिंग कोठारी यांच्या देखरेखीखाली अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक भारत सरकारने छापलं. ज्यांच्याकडे बॉम्ब नव्हता ते याविषयी जास्त स्पष्ट बोलत होते, हे ओघानेच आलं.

तरी अमेरिकी मतदाराला हलवलं ते दातांनी. स्फोटातून निघणारं स्ट्रॉन्शियम-९० रासायनिक गुणांनी कॅल्शियमचं भावंड. गवतातून गाईत, दुधातून मुलांत, आणि तिथून हाडांत नि दातांत. १९५८ च्या अखेरीस सेंट लुईस शहरात डॉक्टर आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला घेतले. तीन लाखांहून जास्त जमले. १९५० च्या दशकात पुढे पुढे जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम चढत गेलेलं दिसलं. आता सरकारला उत्तर देणं भाग होतं.

उत्तर म्हणून जी विहीर पुढे आली, तिची सुरुवात मात्र त्याआधीची आणि फजितीची आहे. २६ जुलै १९५७ च्या रात्री नेव्हाडात दीडशे मीटर खोल भोकाच्या तळाशी एक लहानसा बॉम्ब ठेवला. चाचणी सुरक्षिततेची होती, अणुस्फोट जवळजवळ होऊ नये अशी अपेक्षा. तो झाला, अंदाजाच्या हजारो पटींनी, आणि वरचं तोंड उघडंच असल्याने निळसर ज्वाळेचा लोळ आकाशात गेला. पुढच्या महिन्यात तशाच दुसऱ्या भोकावर सुमारे एक टनाचं पोलादी झाकण बसवलं. रॉबर्ट ब्राउनली या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेरा लावून ठेवला होता. झाकण त्याच्या फक्त एका चौकटीत सापडलं. ब्राउनलीचं गणित सांगत होतं की त्याचा वेग पृथ्वी सोडून जायला लागतो त्याच्या कित्येक पट होता. ते अवकाशात गेलं अशी कथा आजही चवीने सांगितली जाते. बहुधा ते हवेतच वितळून संपलं असावं.

१९ सप्टेंबर १९५७ ला ‘रेनियर’ चाचणीत प्रश्न सुटला. डोंगरात आडवा बोगदा खणला, त्याचं शेवटचं टोक वळवून गोल आणलं आणि तिथे १.७ किलोटनांचा बॉम्ब ठेवला. स्फोटाच्या धक्क्याने बोगद्याचाच भाग दाबून बंद होईल आणि मागून येणाऱ्या वायूला वाट राहणार नाही, अशी ती रचना. वर सुमारे २७५ मीटर खडक होता. बाहेर काहीही आलं नाही.

आत काय होतं, ते नंतर खडकात भोकं पाडून पाहिलं गेलं. पहिल्या क्षणी बॉम्बभोवतीच्या खडकाची वाफ होते, ती बाकीच्या खडकाला ढकलून पोकळी करते. पोकळीच्या भिंतींवरून वितळलेला खडक ओघळून तळाशी साचतो आणि थिजून काच होतो. बहुतेक जड किरणोत्सारी द्रव्यं त्या काचेत अडकतात. वाफ निवली की छत कोसळतं, कधी काही मिनिटांत तर कधी काही तासांनी, आणि हा ढासळा वर चढत पृष्ठभागाला पोचला तर बशीसारखा खड्डा पडतो. नेव्हाडाचं युक्का मैदान अशा खड्ड्यांनी भरलेलं आहे. खोलीचा हिशेब घनमुळाचा: एका किलोटनाला साधारण १२० मीटर, आणि स्फोट आठपट झाला की खोली दुप्पट. विहीर वाळू, खडी आणि मधे मधे घट्ट बुचं घालून बुजवायची. तिच्यातून शेकडो केबली वर आलेल्या असतात, कारण मोजमापं केबलींतून बाहेर यायला मिळतात एका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापुरती. त्यानंतर उपकरणंच उरत नाहीत.

ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला: हवेत, पाण्यात, अवकाशात चाचणी नाही. जमिनीखालच्या चाचण्या तेवढ्या सुटल्या. भूकंप की स्फोट हे ठरवायला परक्या भूमीवर वर्षाला किती तपासण्या करायच्या, यावर घोडं अडलं होतं. अमेरिका सातवर आली होती, सोव्हिएत संघ तीनच्या पुढे जाईना. या कराराला निःशस्त्रीकरणाची पहिली पायरी म्हणतात. मला तो आरोग्यखात्याचा करार वाटतो, आणि आरोग्यखातं म्हणून त्याने उत्तम काम केलं. मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम खरोखर उतरलं. पण अमेरिकेच्या एकूण १,०५४ चाचण्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक या करारानंतरच्या आहेत. धूळ दिसेनाशी झाली तसा लोकांचा विरोधही ओसरला.

विहीर कधीकधी फसायची. १८ डिसेंबर १९७० ला ‘बेनबेरी’ या दहा किलोटनांच्या चाचणीत जमीन फाटली आणि धुळीचा लोट तीन किलोमीटर वर गेला. तिथली माती अपेक्षेपेक्षा फार पाणी धरून होती. पुढच्या वर्षी अलास्काच्या अम्चिटका बेटाखाली पावणेदोन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत सुमारे पाच मेगाटनांचा स्फोट झाला. त्या बेटावरच्या चाचण्यांना विरोध करायला व्हँकुव्हरहून निघालेल्या बोटीवरच्या माणसांतून पुढे ‘ग्रीनपीस’ उभी राहिली.

हवेची चुगली बंद झाली तशी जमिनीची सुरू झाली. विहिरी ऐकण्यासाठी अमेरिकेने १९६० च्या दशकात जगभर सव्वाशेच्या आसपास एकसारखी भूकंपमापकं बसवली. त्यांतलं एक पुण्यात होतं. बॉम्बसाठी बसवलेल्या या यंत्रांनी भूकंपांची ठिकाणं इतकी नेमकी दाखवली की भूपट्टांच्या सिद्धांताला भरभक्कम पुरावा मिळाला, आणि ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरलं तेव्हा अभ्यासकांना त्याच जाळ्याच्या नोंदी उपयोगी पडल्या. याच सुमारास ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने ब्रिटिशांच्या साहाय्याने कर्नाटकात गौरीबिदनूरला स्वतःचं ऐकण्याचं केंद्र उभारलं.

भारताने १९६३ च्या करारावर पहिल्या काही दिवसांतच सही केली होती. म्हणून ट्रॉम्बेला जेव्हा बॉम्ब उडवायचा होता तेव्हा विहिरीशिवाय मार्ग नव्हता. पोखरणला लष्कराच्या अभियंत्यांनी खोदलेल्या पहिल्या विहिरीला पाणी लागलं. थरच्या वाळवंटात पाणी लागलं म्हणून कपाळाला हात लावणारी तेवढीच माणसं असावीत! ती सोडून दुसरी खणली, १०७ मीटर खोल, तळाशी इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली. १८ मे १९७४ ला सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी प्रणव दस्तीदार यांनी बटण दाबलं. प्लुटोनियम ‘सायरस’ अणुभट्टीतलं, सांगितलेली ताकद १२ किलोटन. नेव्हाडाच्या हिशेबाने एवढ्या स्फोटाला पावणेतीनशे मीटर लागायला हवेत. हा फरक डोळ्यांत भरतो.

पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांची तयारी ऐकणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांना चुकवण्याची होती. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी उपग्रहांनी पोखरणची हालचाल टिपली होती आणि बेत रद्द करावा लागला होता. यावेळी रात्री काम, उजाडायच्या आत यंत्रं पूर्वीच्या जागी, शास्त्रज्ञांच्या अंगावर लष्करी गणवेश. प्लुटोनियमचे गोळे ट्रॉम्बेहून पहाटे सांताक्रूझ विमानतळावर आणून वायुदलाच्या विमानाने जैसलमेरला नेले. मुंबईला पत्ता नव्हता. विहिरींना नावं होती ‘व्हाइट हाउस’, ‘ताजमहाल’, ‘कुंभकर्ण’. ट्रॉम्बे केंद्राचे तेव्हाचे संचालक अनिल काकोडकर १९७४ च्या चमूतही होते.

११ मे च्या तीन स्फोटांची अधिकृत बेरीज साठ किलोटनांच्या घरात. त्यांत हायड्रोजन बॉम्बचे ४५. बाहेरच्या अनेक भूकंपशास्त्रज्ञांनी वीसच्याही खालचे अंदाज दिले. हा वाद राष्ट्राभिमानाचा केला गेला, पण त्याचं मूळ खडकात आहे. लाटेची तीव्रता स्फोटाबरोबरच तिथल्या खडकावरही अवलंबून असते. नेव्हाडाखालचा उष्ण थर लाटा शोषून घेतो, कझाकस्तानातला जुना कठीण खडक त्या ठणठणीत पुढे पाठवतो. हे लक्षात न घेतल्याने सोव्हिएत चाचण्या मोठ्या धरल्या जात आणि स्फोटांच्या ताकदीवर ठरलेली मर्यादा मोडल्याचे आरोप होत. ट्रॉम्बेची भूमिका अशी की पोखरणच्या दोन विहिरींच्या लाटांनी एकमेकींना छेद दिला, शिवाय विहिरीतून काढलेल्या खडकाच्या रासायनिक तपासणीने ४५ चा आकडा सिद्ध होतो. २००९ मध्ये चाचणीत सहभागी असलेले के. संथानम यांनीच हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेप्रमाणे पेटला नाही असं जाहीरपणे म्हटलं. १९९८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले आर. चिदंबरम आणि काकोडकर यांनी ते खोडून काढलं. तपासणीचा पूर्ण तपशील बाहेर आलेला नाही, आणि तो येईपर्यंत छातीठोकपणे बोलणाऱ्या दोन्ही बाजूंकडे मी जरा संशयानेच पाहतो. १३ मे चे दोन छोटे स्फोट तर परदेशी केंद्रांना ऐकूच गेले नाहीत.

१९९६ च्या सर्वंकष बंदी कराराने विहिरीही बंद करायच्या ठरवल्या. भारताने सही केली नाही. अमेरिकेने सही केली, मान्यता दिली नाही. करार आजवर अमलात आलेला नाही. त्याचं ऐकण्याचं जाळं मात्र काम करतं. ३ सप्टेंबर २०१७ ला उत्तर कोरियाने पुंग्ये-रीला केलेला स्फोट जगभर नोंदला गेला, आणि उपग्रहावरच्या रडारने वरचा मंताप डोंगर साडेतीन मीटरपर्यंत सरकल्याचंही मोजलं. अमेरिकेने आपली शेवटची चाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. तरी नेव्हाडात जमिनीखाली जवळजवळ तीनशे मीटरवर बोगद्यांचं एक जाळं राबतं आहे. तिथे १९९७ पासून प्लुटोनियमवर स्फोटकांचा मारा करून पाहतात, पण साखळी प्रक्रिया सुरू राहणार नाही एवढंच प्लुटोनियम घेऊन. नियमाप्रमाणे ही चाचणी नव्हे, आणि दूरच्या भूकंपमापकांवर ती उमटत नाही.